बाँबगोळ्यानंतरचा शिरस्ता

१९०८ सालच्या एप्रिल महिन्याच्या अखेरच्या रात्री तत्कालीन बंगाल इलाख्यातील मुझफ्फरपूर येथे किंग्जफर्ड या न्यायाधीशाच्या रोखाने फेकलेला बाँबगोळा चुकून भलत्याच गाडीवर पडला आणि केनेडी आडनावाच्या दोन निरपराध मायलेकी त्यात मृत्युमुखी पडल्या. बाँब फेकणाऱ्या खुदीराम बोसास फाशी झाली, हे त्या काळच्या कायद्यास धरूनच होते. परंतु त्या बाँबगोळ्याच्या धुरात सरकारला आणखी एक आरोपी दिसू लागला, आणि तो मुझफ्फरपुरापासून शेकडो कोस दूर, पुण्याच्या गायकवाडवाड्यात बसून अग्रलेख लिहीत होता.

स्फोटाला पुरते सहा आठवडेही झाले नव्हते, तोच ८ जून रोजी हिंदुस्थान सरकारच्या कायदेमंडळाने एकाच बैठकीत दोन कायदे मंजूर करून घेतले. एक स्फोटक पदार्थांसंबंधीचा, आणि दुसरा गुन्ह्यास चिथावणी देणाऱ्या वृत्तपत्रांचा छापखाना जप्त करण्याचा अधिकार अंमलदारांस देणारा. पहिला कायदा का झाला, हे कोणासही समजण्यासारखे होते. दुसरा मात्र बाँबशी जिचा काडीचाही संबंध नव्हता अशा लेखणीवर टाकलेला हात होता. दुसऱ्याच दिवशीच्या 'केसरी'त टिळकांनी या दोन्ही कायद्यांचा परामर्श घेतला आणि अग्रलेखाला शीर्षक दिले, 'हे उपाय टिकाऊ नाहीत'. राज्यकारभाराची तऱ्हा आहे तशीच ठेवून केवळ दंडाची कलमे वाढविल्याने प्रजेच्या मनातील क्षोभ नाहीसा होत नसतो, हे त्यांच्या प्रतिपादनाचे मर्म होते. २४ जूनला त्यांना मुंबईत अटक झाली. १३ जुलैला हायकोर्टात खटला सुरू झाला तेव्हा न्यायासनावर होते न्यायमूर्ती दावर, म्हणजे तेच दिनशा दावर, ज्यांनी ११ वर्षांपूर्वी याच टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून बाजू मांडली होती. ज्यूरीतील सात युरोपियनांनी 'दोषी' म्हटले, दोघा देशी पंचांनी 'निर्दोष' म्हटले, आणि २२ जुलैच्या रात्री सहा वर्षांच्या हद्दपारीची शिक्षा सांगून न्यायालय उठले. दुसऱ्या दिवसापासून गिरण्यांचे भोंगे वाजले, पण मजूर आत गेले नाहीत; शिक्षेच्या एकेका वर्षास एकेक दिवस या हिशेबाने त्यांनी सहा दिवस हरताळ पाळला आणि त्यात गोळीबारही सोसला.

बाँब पडला की त्याच्यामागोमाग कायदा येतो, तो कायदा बाँब टाकणाऱ्यापेक्षा विस्तीर्ण असतो, आणि त्याच्या कक्षेत सापडतात ती पुष्कळदा निराळीच माणसे, असा हा शिरस्ता आहे. परचक्राचे किंवा घातपाताचे भय ओसरल्यानंतर तो कायदा मात्र ओसरत नाही. राष्ट्रावर आघात झाला असता स्वातंत्र्याचे रक्षण आणि लोकांची एकजूट ही दोन्ही कामे या कायद्यांनी कितपत साधली, याची तपासणी करावयाची तर मुंबई इलाख्याचे, आणि पुढे मुंबई शहराचे, दप्तर उघडण्यासारखे दुसरे साधन नाही.

या शिरस्त्याचे मूळ १९०८ च्याही मागे जाते. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा गव्हर्नर आपल्याकडे सुज्ञ आणि न्यायप्रिय म्हणून वाखाणला जातो, आणि ते अनाठायी नाही; परंतु १८२७ साली त्याच्याच कारकिर्दीत जे नियमांचे संग्रथन झाले, त्यातील २५ व्या क्रमांकाच्या रेग्युलेशनाने राज्याच्या हितासाठी एखाद्या इसमास चौकशीवाचून बंदीत ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. पेशवाईत मुत्सद्द्यांना आणि सरदारांना किल्ल्यावर नजरकैदेत टाकीत असत, त्याला श्रीमंतांची इतराजी एवढेच कारण पुरेसे होई. इंग्रजांनी तीच गोष्ट छापील कलमात बसविली, इतकाच भेद. १८९७ च्या २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट या इंग्रज अधिकाऱ्यांवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा सत्तर वर्षांपूर्वीचे हे रेग्युलेशन बाहेर निघाले, आणि पुण्यातील बाळासाहेब व तात्यासाहेब नातू या सरदार बंधूंना त्याच्या आधारे उचलण्यात आले. त्यांच्यावर आरोप ठेवला नाही, खटला भरला नाही. मालमत्ता मात्र जप्त केली, आणि १८९९ पर्यंत त्यांना बंदीत ठेवले. शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च नागरिकांकडून वसूल करण्यात आला. रँडवर गोळ्या झाडणाऱ्या चापेकर बंधूंचे कृत्य आणि २००८ साली मुंबईत आगगाडीची वाट पाहणाऱ्या उतारूंवर गोळ्या झाडणाऱ्यांचे कृत्य एका तागडीत घालणे हा इतिहासाचा विपर्यास होईल, आणि तो मला करावयाचा नाही. येथे प्रश्न हल्लेखोरांचा नसून हल्ल्यानंतर राज्यकर्ते काय करतात याचा आहे. त्या बाबतीत नातू बंधूंचे प्रकरण पुढच्या शंभर वर्षांचा पहिला नमुना ठरले.

स्वराज्य आल्यावर हा शिरस्ता मोडेल अशी पुष्कळांची अपेक्षा होती. ती फार दिवस टिकली नाही. राज्यघटना अमलात येऊन जेमतेम एक महिना होतो न होतो, तोच १९५० च्या फेब्रुवारीत प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. त्यानंतर १९७१ चा 'मिसा' आला, त्याचा आणीबाणीत काय उपयोग झाला हे महाराष्ट्रातील अनेक पक्षांच्या तुरुंगवासी कार्यकर्त्यांना ठाऊक आहे. पुढे पंजाबातील रक्तपात आणि १९८५ च्या मे महिन्यात दिल्लीत झालेले ट्रान्झिस्टर बाँबचे स्फोट यांच्या पाठोपाठ 'टाडा' हा दहशतवादविरोधी कायदा आला. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्याने पोलीस अंमलदारापुढे दिलेला कबुलीजबाब पुराव्यात अग्राह्य ठरविला होता, कारण देशी पोलीस कबुलीजबाब कसा मिळवितात याविषयी इंग्रज विधिज्ञांना कसलाही भ्रम नव्हता. १९८७ साली नव्याने केलेल्या टाडाने ही शहाणपणाची अट काढून टाकली आणि पोलीस अधीक्षकापुढे दिलेला जबाब न्यायालयात ग्राह्य धरावयास सुरुवात केली. परकीयांनी जो अविश्वास आपल्या पोलिसांवर ठेवला होता तो स्वकीयांनी आपल्याच नागरिकांवर ठेवला, असे याचे वर्णन करता येईल. दहा वर्षांत ७० हजारांहून अधिक माणसे त्या कायद्याखाली पकडली गेली. दोषी ठरलेल्यांचे प्रमाण अत्यल्प होते. १९९५ च्या मे महिन्यात तो कायदा मुदत संपून लयास गेला.

मुंबईवरचा पहिला मोठा आघात झाला तो या टाडाच्याच अमदानीत. १९९३ च्या १२ मार्चला, शुक्रवारी दुपारी दीडच्या सुमारास शेअर बाजाराच्या तळघरात पहिला स्फोट झाला, आणि पुढच्या दोन-सव्वादोन तासांत शहरभर एकामागून एक स्फोट होत गेले. २५७ माणसे मेली. डिसेंबर आणि जानेवारीतील दंगलींच्या जखमा अद्याप ओल्या होत्या, आणि स्फोटांच्या जागा बहुतांशी हिंदू वस्तीच्या होत्या. तेव्हा रात्र उलटण्यापूर्वी शहर पुन्हा पेटेल ही भीती पोकळ नव्हती. त्या संध्याकाळी मुख्यमंत्री शरद पवार यांनी दूरदर्शनवरून स्फोटांची माहिती देताना प्रत्यक्षात झालेल्या स्फोटांत आणखी एक मिळविला आणि तो मशीद बंदर या मुस्लिमबहुल भागात झाल्याचे सांगितले. हे विधान खोटे होते, आणि ते हेतुपुरस्सर केले होते, हे त्यांनी पुढे श्रीकृष्ण आयोगापुढे मान्यही केले. शहर त्या रात्री शांत राहिले. या असत्यास पुष्कळ जण मुत्सद्देगिरीचा नमुना म्हणून गौरवितात, आणि शेकडो प्राण त्यामुळे वाचले असतील हे मी नाकारीत नाही. तथापि लोकांना एकत्र ठेवण्यासाठी राज्यकर्त्याला खोटे बोलावे लागते, याचा अर्थ लोक एकत्र नाहीत असाही होतो. तो उपाय एका रात्रीपुरता होता.

एका रात्रीपलीकडचे काम दुसऱ्यांनी केले, आणि ते फारसे वर्तमानपत्रांत आले नाही. भिवंडीत १९८४ च्या दंगलीनंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून मोहल्ला कमिट्यांचा प्रयोग केला होता, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना शेजारची भिवंडी शांत राहिली ती त्याच्याच जोरावर. मुंबईत १९९४ साली माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे आणि तत्कालीन आयुक्त सतीश साहनी यांच्या पुढाकाराने अशाच कमिट्या उभ्या राहिल्या. त्यांचे कामकाज विलक्षण सामान्य असे. पोलीस ठाण्याचा इन्स्पेक्टर, मशिदीचे विश्वस्त, गणेशोत्सव मंडळाचे कार्यकर्ते, गल्लीतील दुकानदार आणि धारावीतील बायाबापड्या एका खोलीत बसत आणि नळाचे पाणी, मिरवणुकीचा मार्ग, ध्वनिक्षेपकाची वेळ, पोलिसांचे उद्धट वर्तन असल्या गोष्टींवर भांडत. ज्याच्याशी महिन्यातून एकदा नळाच्या पाण्यावरून भांडण होते त्याचे घर जाळावयास माणसाचा हात सहसा उठत नाही.

टाडा गेल्यावर महाराष्ट्र फार काळ मोकळा राहिला नाही. १९९९ साली संघटित गुन्हेगारीच्या बंदोबस्तासाठी राज्याने 'मकोका' केला. तो होता टोळीयुद्धासाठी, खंडणीबहाद्दरांसाठी. परंतु त्यातही पोलीस उपायुक्ताच्या दर्जाच्या अंमलदारापुढील कबुलीजबाब ग्राह्य धरण्याचे टाडाचेच कलम घालून ठेवले होते. २००१ च्या १३ डिसेंबरला संसदेवर हल्ला झाल्यानंतर केंद्राने 'पोटा' आणला. राज्यसभेने तो फेटाळला तेव्हा २००२ च्या मार्चमध्ये दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक भरवून तो मंजूर करून घेतला. २००४ साली तो रद्द झाला, मात्र त्यातील बरीच कलमे १९६७ च्या बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यात, म्हणजे 'यूएपीए'त, आणून बसविली गेली. अक्षरधाम मंदिरावरील हल्ल्याच्या प्रकरणात पोटाखाली शिक्षा झालेल्या सहा जणांना, त्यांत मृत्युदंड झालेलेही होते, सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या मे महिन्यात निर्दोष म्हणून सोडले. तोवर त्यांतील काही जणांची अकरा वर्षे तुरुंगात गेली होती.

२००६ च्या ११ जुलैला, संध्याकाळी घरी परतणाऱ्यांच्या गर्दीच्या वेळी, पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांच्या अवधीत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे ठार झाली. आरोपींना मकोका लावला गेला. त्यांचे कबुलीजबाब पोलीस उपायुक्तांनी नोंदविले, आणि फिर्यादी पक्षाच्या इमारतीचा मोठा भार या जबाबांवर होता. २०१५ साली विशेष न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरविले. पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. त्यानंतर दहा वर्षांनी, २०२५ च्या २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ते सर्व निर्दोष ठरविले. निरनिराळ्या आरोपींच्या तोंडी घातलेल्या जबाबांतील मजकूर ठिकठिकाणी एकमेकांशी शब्दशः जुळत होता, आणि तो छळ करून घेतल्याची तक्रार न्यायालयाला विश्वसनीय वाटली. बारा जणांपैकी एक जण हा निकाल ऐकण्यास जिवंत नव्हता. तो तुरुंगातच वारला होता. प्रकरण आता सर्वोच्च न्यायालयापुढे आहे, तेव्हा त्याच्या अंतिम निकालाविषयी भाकीत करणे उचित नाही. परंतु आज घटकेला स्थिती अशी आहे, की एकोणीस वर्षांनंतरही त्या गाड्यांतून गेलेल्यांच्या आप्तांना 'हे कोणी केले' याचे उत्तर कायद्याकडून मिळालेले नाही. कठोर कायद्याने आरोपींचे स्वातंत्र्य घेतले, याची चर्चा होते. त्याने मृतांचा न्यायही घेतला, याची होत नाही.

याच शहरात, या स्फोटांनंतर अवघ्या सव्वादोन वर्षांनी, २००८ च्या २६ नोव्हेंबरची रात्र आली. कफ परेडच्या मच्छीमार वस्तीलगत रबरी होडीतून दहा जण उतरले आणि पुढच्या साठ तासांत १६६ माणसे त्यांनी मारली. ताज आणि ट्रायडंट यांची चित्रे जगाने पाहिली, म्हणून त्या रात्रीची आठवण त्या हॉटेलांभोवतीच घोटाळत राहिली. पण एकाच ठिकाणी सर्वांत जास्त माणसे मेली ती छत्रपती शिवाजी टर्मिनसाच्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या दालनात, फरशीवर पथाऱ्या पसरून गाडीची वाट पाहत बसलेली, बहुतेक गरीब, आणि सर्व धर्मांची. मोठ्या स्मरणसभा गेटवेपाशी भरतात, बोरीबंदरास भरत नाहीत. याविषयी मला नेहमीच थोडा राग आला आहे. त्या रात्री स्थानकाच्या उद्घोषणा-कक्षात बसलेल्या विष्णू झेंडे यांनी जागा न सोडता उतारूंना मागच्या वाटेने बाहेर पडण्याच्या सूचना ध्वनिक्षेपकावरून चालू ठेवल्या. कामा रुग्णालयात परिचारिका अंजली कुलथे यांनी आपल्या कक्षातील गरोदर स्त्रियांना सुरक्षित जागी हलविले. गिरगाव चौपाटीवर सहायक फौजदार तुकाराम ओंबळे यांनी हातात लाठीखेरीज काही नसताना अजमल कसाबच्या रायफलीची नळी धरून ठेवली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. कसाब जिवंत सापडला तो ओंबळ्यांमुळे, आणि खटला चालू शकला तोही त्यांच्यामुळेच.

खटल्याची गोष्ट मला अधिक विस्ताराने सांगितली पाहिजे. जिवंत सापडलेल्या माणसाला चौकात लटकवा, अशी मागणी त्या दिवसांत भल्याभल्यांच्या तोंडी होती. वकिलांच्या एका संघटनेने त्याचे वकीलपत्र न घेण्याचा ठराव केला. न्यायालयाने नेमलेल्या पहिल्या वकील बाईंच्या घरासमोर जमाव गेला. आर्थर रोड तुरुंगातच विशेष न्यायालय उभारले गेले, कोठडीपासून न्यायालयापर्यंत बंदिस्त मार्ग बांधला गेला, आणि न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांच्यापुढे २००९ च्या एप्रिलमध्ये काम सुरू झाले. आरोपीने आपण अल्पवयीन असल्याचे सांगितले. हाडांची आणि दातांची वैद्यकीय तपासणी करून त्याचे वय वीस वर्षांहून अधिक असल्याचे न्यायालयाने ठरविले. जुलैत त्याने एकाएकी गुन्हा कबूल केला. तेथेच निकाल देऊन मोकळे होणे सोपे होते आणि लोकांनाही ते रुचले असते. न्यायाधीशांनी कबुली दप्तरी घेतली आणि पुरावा पुढे चालू ठेवला. डिसेंबरात त्याने ती कबुली फिरविली आणि आपण मुंबईत सिनेमाच्या ओढीने आलो होतो असा जबाब दिला, तेव्हा न्यायाधीशांचा धीमेपणा किती शहाणपणाचा होता हे सर्वांच्या ध्यानी आले. सहाशेंहून अधिक साक्षीदार झाले. स्थानकावर त्याचे छायाचित्र टिपणारे सेबॅस्टियन डिसोझा आले. पायाला गोळी लागलेली दहा वर्षांची मुलगी कुबडी घेऊन आली आणि तिने आरोपीकडे बोट दाखविले. कुलथेबाई आल्या त्या आपल्या परिचारिकेच्या गणवेशात साक्ष देण्याचा आग्रह धरून.

कसाबचा कबुलीजबाबही नोंदविला गेला होता, पण पोलिसापुढे नव्हे. २००९ च्या फेब्रुवारीत तो महिला दंडाधिकाऱ्यापुढे उभा केला गेला. जबाब देण्याची तुझ्यावर सक्ती नाही, दिलास तर तो तुझ्याविरुद्ध वापरला जाईल, असे त्याला बजावून सांगितले गेले, आणि विचारासाठी मुदत देऊन, पोलिसांच्या सावलीबाहेर ठेवून, मगच त्याचे म्हणणे लिहून घेतले गेले. हा जबाब विशेष न्यायालयात टिकला, २०११ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयात टिकला, आणि २०१२ च्या २९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयातही टिकला, जेथे राजू रामचंद्रन यांनी न्यायालयाचे मित्र म्हणून कसाबची बाजू शक्य तितक्या बारकाईने मांडली होती. दोन्ही प्रकरणांत साम्य पूर्ण नाही. कसाब रंगेहाथ सापडला होता, त्याची छायाचित्रे होती, आणि २००६ च्या तपासात पोलिसांपुढे तसे काहीही नव्हते. ही तफावत लक्षात ठेवूनही कबुलीजबाबांपुरती तुलना करता येते. त्याच शहरात, जवळपास त्याच काळात, सवलतीच्या मार्गाने घेतलेले जबाब कोसळले आणि जुन्या, कंटाळवाण्या, अटींनी जखडलेल्या मार्गाने घेतलेला जबाब तीन न्यायालयांत उभा राहिला.

याच खटल्यात आणखी दोन आरोपी होते, फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद, दोघेही भारतीय. त्यांनी मुंबईतील ठिकाणांचा हाताने काढलेला नकाशा हल्लेखोरांना पुरविला आणि तो कसाबच्या मृत साथीदाराच्या विजारीच्या खिशात सापडला, असा त्यांच्यावरील आरोपाचा गाभा होता. विजार रक्ताने भिजलेली होती. नकाशावर रक्ताचा डाग नव्हता, आणि खिशात राहून समुद्रप्रवास व गोळीबार सोसलेल्या कागदाला साजेशा सुरकुत्याही नव्हत्या. अन्सारीचे वकील शाहिद आझमी यांनी ही बाब न्यायालयाच्या नजरेस आणली. आझमी स्वतः तरुणपणी टाडाखाली तुरुंगात राहून आलेले होते, आणि कायदा शिकले ते त्या अनुभवातून. निकालापूर्वीच, २०१० च्या ११ फेब्रुवारीला, त्यांच्या कुर्ल्याच्या कचेरीत शिरून त्यांना गोळ्या घालण्यात आल्या. ३ मे रोजी टहलियानी यांनी कसाबला दोषी ठरविले आणि त्याच बैठकीत अन्सारी व अहमद यांना या आरोपांतून मुक्त केले; वरच्या दोन्ही न्यायालयांनी हे मुक्त करणे कायम ठेवले. सारा देश ज्या खटल्याकडे डोळे लावून बसला होता त्यात, सुडाची हाक ऐन भरात असताना, एक न्यायाधीश एका कागदाच्या स्वच्छपणावर अडून बसतो, हा प्रसंग माझ्या मते मुंबईच्या न्यायालयीन इतिहासात दावर यांच्या त्या रात्रीच्या निकालाइतकाच ध्यानात ठेवण्याजोगा आहे, आणि अभिमानाने ध्यानात ठेवण्याजोगा तर एवढाच आहे.

लोकांच्या एकजुटीचे काय झाले? २००८ च्या ३ डिसेंबरला गेटवेपाशी जो प्रचंड समुदाय लोटला त्यात शोक होता, संताप होता, आणि राजकारणी मंडळींविषयी उघड तिरस्कार होता. मुख्यमंत्री, राज्याचे गृहमंत्री आणि केंद्राचे गृहमंत्री या तिघांनाही पदे सोडावी लागली. तो समुदाय पुन्हा तसा जमला नाही. अधिक टिकाऊ कृत्य घडले ते मरीन लाइन्सच्या बडा कबरस्तानात, आणि ते नकाराच्या रूपाने घडले. नऊ हल्लेखोरांची प्रेते जे. जे. रुग्णालयाच्या शवागारात होती. ती मुसलमानांची म्हणून कबरस्तानात पुरावीत अशी अपेक्षा होती. कबरस्तानाच्या विश्वस्तांनी जागा देण्यास साफ नकार दिला. निरपराधांची हत्या करणारे आमच्या धर्माचे नव्हेत, ही त्यांची भूमिका होती, आणि शहरातील अन्य मुस्लिम संस्थांनीही तिला पाठिंबा दिला. मृताला माती देणे हे इस्लाममध्ये समाजावरील कर्तव्य मानले जाते, हे लक्षात घेतले म्हणजे या नकाराचे वजन कळते. पंधरवड्यात बकरी ईद आली, तेव्हा पुष्कळांनी दंडावर काळ्या फिती बांधून नमाज पढला. १९९३ साली मुख्यमंत्र्याला एक स्फोट कल्पनेने मशीद बंदरास न्यावा लागला होता. २००८ साली कोणालाही काही कल्पावे लागले नाही. दंगल झाली नाही. मधल्या पंधरा वर्षांत मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून ज्यांनी पाण्याच्या नळावर बैठका घेतल्या त्यांचा यात वाटा किती, हे मोजण्याचे माप नाही. तो मुळीच नाही असे म्हणण्याचे धैर्य मात्र मला होत नाही. ती नऊ प्रेते वर्षाहून अधिक काळ शवागारातच राहिली, आणि २०१० च्या जानेवारीत सरकारने ती गुप्तपणे पुरली.

दिल्लीत मात्र जुना शिरस्ता पाळला गेला. हल्ला संपून तीन आठवडे होण्यापूर्वीच, १७ डिसेंबरला लोकसभेने आणि १८ डिसेंबरला राज्यसभेने दोन विधेयके मंजूर केली. एकाने राष्ट्रीय तपास संस्था निर्माण केली, तिची गरज होती. दुसऱ्याने यूएपीएत दुरुस्ती करून आरोपपत्राविना आरोपीला १८० दिवसांपर्यंत अटकेत ठेवण्याची मुभा दिली, आणि आरोप वरकरणी खरा दिसला की जामीन नाकारला जाईल अशी तजवीज केली. आता गंमत पाहा. घटनेच्या २० व्या अनुच्छेदाप्रमाणे कृत्यानंतर केलेल्या कायद्याने त्या कृत्याबद्दल शिक्षा देता येत नाही. कसाबला फाशी झाली ती खून आणि राष्ट्राविरुद्ध युद्ध यांबद्दल, १८६० च्या दंडसंहितेखाली, आणि यूएपीएच्या जुन्या रूपाखाली. जोडीला १९०८ च्या स्फोटक पदार्थांच्या कायद्यासारखे इतर कायदे होते. १८० दिवसांची मुभा हाती असताना मुंबई पोलिसांनी अकरा हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र २५ फेब्रुवारी २००९ रोजी, म्हणजे नव्वद दिवसांच्या जुन्याच मुदतीत, सादर केले. ज्याच्या निमित्ताने दुरुस्ती झाली त्याला शिक्षा देण्याच्या कामी तिचा उपयोग झाला नाही.

तिचा उपयोग इतरांच्या बाबतीत झाला. पार्किन्सनने हात कापणारे आणि भांड्याने पाणी पिता येत नाही म्हणून तुरुंगात नळीचा पेला मागणारे ८४ वर्षांचे जेझुइट पाद्री स्टॅन स्वामी याच दुरुस्त कायद्याखाली अटकेत होते. जामिनाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयापुढे प्रलंबित असताना ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या एका रुग्णालयात त्यांचे निधन झाले. त्यांच्यावरील आरोप खरे की खोटे याची शहानिशा करणारा खटला तोवर उभाच राहिला नव्हता.